फ्रेझरची डॉक्टरीणबाई आणि डोंगरातली रेल्वे

गुरुवार : डेन्व्हर

डेन्व्हरला नव्याने येणाऱ्याला पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते. शहर ५,२८० फुटांवर आहे. आपलं कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे इथली मंडळी जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवरच संसार थाटून बसली आहेत. मुलगा आणि सूनबाई इथे नोकरीला, त्यामुळे माझी अधूनमधून फेरी होते आणि दर वेळी तेच मॉल, तेच रेड रॉक्सचे तांबडे खडक. यंदा सप्टेंबरअखेरीस आले ती ठरवूनच आले, की डॉक सूझीचं गाव बघायचं.

डॉक सूझी म्हणजे सूझन अँडरसन. रॉकी पर्वताच्या पलीकडच्या अंगाला फ्रेझर नावाचं थंडगार गाव आहे. तिथे १९०७ पासून १९५६ पर्यंत या बाईंनी डॉक्टरकी केली. ना स्वतःचा घोडा, ना मोटार. त्यांच्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात बर्फ, धैर्य आणि एकटेपणा यांची नुसती रेलचेल असते. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून झाली, त्यातली बरीचशी डोंगरी तालुक्यात. त्यामुळे मला भलतेच प्रश्न पडतात. पेशंट पोचायचा कसा? पोट उघडायची केस आली तर पुढे पाठवायची कुठे आणि कशातून? औषधं आणायचं कोण? फी कोण द्यायचं? वाचता वाचता या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडू लागलं, ते म्हणजे रेल्वे. मुलाला सांगून टाकलं, जायचं तर आगगाडीनेच.

आज शहरातच होतो. फाइव्ह पॉइंट्स भागात कॅलिफोर्निया स्ट्रीटवर डॉ. जस्टिना फोर्ड यांचं घर आहे. विटांचं, दुमजली, साधंच. मूळ जागी ते पाडायला निघाले होते, तेव्हा अख्खं घर उचलून इथे आणून ठेवलं. आता त्यात पश्चिमेकडच्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं, म्हणून बाहेरूनच पाहिलं. फोर्डबाई सूझनपेक्षा वर्षभराने लहान. १९०२ मध्ये त्यांना कोलोरॅडोत डॉक्टरकीचा परवाना मिळाला, पण कृष्णवर्णीय म्हणून शहरातल्या सरकारी इस्पितळाने त्यांना कित्येक वर्षं दारात उभं केलं नाही. मग त्यांनी लोकांच्या घरी जाऊन बाळंतपणं केली. सात हजारांच्या आसपास, असं सांगतात. फी म्हणून कधी पैसे, कधी कोंबडी, कधी भाजीपाला. डॉक सूझीबद्दल लिहिताना 'फीऐवजी सरपण घेणारी बाई' हे मोठ्या नवलाने सांगतात. इथे उभं राहिल्यावर कळतं की ती नवलाई एकट्या डोंगराची नव्हती. ज्यांच्याकडे रोकड नाही अशांचे डॉक्टर व्हायचं ठरवलं की शहरातही तेच होतं.

संध्याकाळी मुलाने गाडी नॅशनल ज्यूइश इस्पितळावरून घेतली. हे १८९९ मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू झालं, आजही फुप्फुसाच्या आजारांसाठी नावाजलेलं आहे. त्या काळी अख्ख्या अमेरिकेतून क्षयाचे रोगी कोलोरॅडोची कोरडी हवा खायला यायचे. औषध नव्हतंच. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. सूझनला क्षय जडला तो मिशिगन विद्यापीठात डॉक्टरकी शिकताना, आणि ती पदवीधर झाली १८९७ मध्ये. त्याच्या ११ वर्षं आधी आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि २२ पूर्ण व्हायच्या आत क्षयाने गेल्या. सूझन नव्वद वर्षं जगली. दोघींच्याही काळी उपाय म्हणजे विश्रांती, सकस अन्न आणि हवापालट. सूझनच्या बाबतीत हवेचं श्रेय किती आणि नशिबाचं किती, हे कोणी सांगावं!

शुक्रवार : रेल्वेने फ्रेझर

युनियन स्टेशनवरून सकाळी आठच्या सुमारास कॅलिफोर्निया झेफर सुटते. शिकागोहून येऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने जाणारी लांब पल्ल्याची गाडी. फ्रेझर तिचं पुढचंच स्टेशन. मी आणि सूनबाई गाडीत बसलो, मुलगा मोटार घेऊन बर्थुड पास नावाच्या खिंडीवरून यायचा होता. मोठमोठ्या काचांच्या डब्यात जागा मिळाली. डब्यात बरेच म्हातारे रेल्वेवेडे होते, हातात नकाशे आणि रेल्वेचं वायरलेसवरचं बोलणं ऐकायचे स्कॅनर घेऊन बसलेले.

शहर संपलं की गाडी मोठं वळण घेत डोंगराला भिडते. त्या वळणावर रुळांच्या कडेने जुन्या मालवाघिणींची एक रांग उभी आहे. मला वाटलं यार्ड असेल. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, त्या वाघिणी मातीने भरून तिथे कायमच्या जखडून ठेवल्यात. डोंगरावरून सुटणारा वारा इथे इतका असतो की रिकामे डबे उलटायचे, म्हणून गाडीसाठी हा डब्यांचाच आडोसा. जवळून गेल्यावर दिसलं, चाकं गंजून तांबडी झालीत आणि वाघिणींच्या कडेने गवत माजलंय.

मग बोगदे सुरू. एकामागोमाग दोन डझनांहून जास्त. खाली साउथ बोल्डर क्रीकची घळ, उतारावर पिवळ्याधमक झालेल्या अॅस्पेनच्या राया. कर्जत ते लोणावळा ज्यांनी खिडकीत बसून केलंय त्यांना हा खेळ नवा नाही, फक्त इथे तो तासाहून जास्त चालतो. आणि मग सूचना झाली की पुढे मॉफट बोगदा आहे, कोणीही एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नये, दारं उघडू नयेत. इंजिनाचा धूर आत येतो म्हणून. ६.२ मैल, म्हणजे दहा किलोमीटर. दहाएक मिनिटं काचेत आपलाच चेहरा बघायचा. या दहा मिनिटांत डोक्यावरून अमेरिकेची पाणलोट रेषा जाते. अलीकडचं पाणी अटलांटिकच्या बाजूला, पलीकडचं पॅसिफिकच्या.

सूझन १९०७ मध्ये आली तेव्हा हा बोगदा नव्हता. डेव्हिड मॉफट नावाच्या डेन्व्हरच्या सावकाराने १९०२ मध्ये सरळ पश्चिमेला लोहमार्ग टाकायला घेतला. बोगदा खणायचा त्याचा मूळ बेत होता, पण पैसा जमेना. म्हणून 'तात्पुरती सोय' म्हणून रूळ थेट रॉलिन्स पासच्या माथ्यावरून नेले, साडेअकरा हजार फुटांवरून. तात्पुरती म्हणवली जाणारी ही सोय १९२८ पर्यंत चालली. मॉफट १९११ मध्येच गेला, जवळचा सगळा पैसा या मार्गात घालून. हिवाळ्यात गाड्या बर्फात अडकायच्या, कधी कधी दिवसचे दिवस. आणि फ्रेझरहून इस्पितळात न्यायचा पेशंट याच गाडीत असायचा.

बोगद्यातून बाहेर पडलो की डोळ्यांवर एकदम उन्हाचा लोट आणि समोर विंटर पार्कचे स्कीइंगचे उतार. काही मिनिटांत फ्रेझर. फलाट छोटासा, उतरणारे मूठभर. थंडी चांगलीच बोचत होती. गाव ८,५७० फुटांच्या आसपास आहे आणि स्वतःला 'देशाचं आइसबॉक्स' म्हणवतं. त्या बिरुदावरून मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स या गावाशी त्यांचा रीतसर कज्जासुद्धा झाला होता. हायवेच्या गावातल्या पट्ट्याचं नाव झेरेक्स स्ट्रीट. झेरेक्स हे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या अँटिफ्रीझचं नाव! एखाद्या गावाने थंडीचा इतका अभिमान बाळगलेला मी पाहिला नव्हता. त्याच गावात एका रस्त्याला डॉक सूझीचंही नाव आहे. सूनबाईने पाटीखाली माझा फोटो काढला.

गावाच्या दक्षिणेला हायवेलगत कोझन्स रँच म्हणून जुनं लाकडी घर आहे. बिली कोझन्स हा सेंट्रल सिटीचा शेरीफ, त्याने १८७० च्या दशकात इथे येऊन शेत-कुरणं केली. घोडागाड्यांचा थांबा आणि पोस्ट याच घरात. आता जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय आहे आणि डॉक सूझीची माहिती इथे मांडली आहे. सांभाळणाऱ्या बाई बोलक्या होत्या. मी नर्स होते हे कळल्यावर तर खुर्चीच ओढून बसल्या.

कथा सुरू होते ती अशी. सूझन फ्रेझरला आली ती डॉक्टर म्हणून नव्हेच, रोगी म्हणून. ३७ वर्षांची, क्षय बळावलेला, थंड कोरड्या हवेत एक तर बरी होईन नाही तर मरेन अशा बेताने. आपण डॉक्टर आहोत हे तिने कोणाला सांगितलं नाही, दुकानात काम धरलं. पुढे कोणाचा तरी घोडा काटेरी तारेत अडकून फाटला, तो तिने शिवला. घोडा जगला आणि गावाला कळलं. अशा गोष्टी फार गोड असल्या की मी जरा सावध होते, पण ही मला पटते. डोंगरातला माणूस नव्या डॉक्टरवर आधी जनावर सोपवतो. माझ्याही वाट्याला पहिल्याच पावसाळ्यात एका वस्तीवर शिंग मोडलेली म्हैस आली होती, आणि ड्रेसिंग केल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच घरची बाळंतीण आली.

तिचे पेशंट म्हणजे लाकूडतोडे आणि रेल्वेचे कामगार. जंगलात स्वीडनहून आलेली पुष्कळ माणसं होती. रुळांखालचे स्लीपर आणि खाणींतले टेकू यांच्यासाठी झाडं तोडायची, ओंडके घसरवत खाली आणायचे. त्यामुळे कुऱ्हाडीचे घाव, ठेचलेले पाय, मोडलेली हाडं, आणि हिवाळ्यात न्यूमोनिया. शिवाय कँपातल्या बायकांची बाळंतपणं. ती चालत जायची, किंवा मालगाडीच्या शेवटच्या गार्डच्या डब्यात बसून जायची. गार्ड आणि ड्रायव्हर तिला ओळखायचे, हवं तिथे उतरवायचे. म्हणजे आपल्याकडे गावचा डॉक्टर जीपवाल्यावर किंवा एस.टी.च्या कंडक्टरवर विसंबून असतो, तशी ही बाई गार्डवर विसंबून होती. हा भाग मला कुठल्याही धाडसकथेपेक्षा मोलाचा वाटतो. 'एकटी' म्हणतात ना, ती एकटी नव्हती. रेल्वेचे लोक म्हणजेच तिचा अर्धा दवाखाना होता.

फी बहुधा लाकडात किंवा खाण्याच्या जिनसांत. सूनबाई म्हणाली, "आई, एवढ्या थंडीत सरपण म्हणजे पैशांपेक्षा बरंच की." बरोबर आहे. पण सरपणाने कापूस, क्लोरोफॉर्म, टाके घालायचा धागा विकत येत नाही. त्याला रोकड लागते आणि ते डेन्व्हरहूनच येतं. बाई आयुष्यभर ओढगस्तीत राहिल्या, याचं मला नवल वाटलं नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्या डेन्व्हर आणि फ्रेझर दोन्हीकडे धावत होत्या. या काळाबद्दल संग्रहालयातल्या बाईंनी खूप सांगितलं, पण एका नाताळाची हकिगत त्यांची लाडकी दिसली. अपेंडिक्स झालेल्या एका मुलाला घेऊन डॉक सूझी डेन्व्हरच्या गाडीत बसल्या, वर खिंडीत हिमवादळाने गाडी अडकली, उतारूंनीच उतरून रुळांवरचा बर्फ फावड्याने उपसला. डेन्व्हरला पोचल्यावर भाड्याच्या गाडीलाही पैसे नव्हते, ते उतारूंनी वर्गणी काढून दिले, आणि ऑपरेशन होईतो बाई पोराशेजारी उभ्या राहिल्या. पेशंट रेफर करून हात झटकायचे नाहीत, टेबलापर्यंत बरोबर जायचं. ज्यांनी रात्री-अपरात्री कोणाच्या तरी जीपमधून अडलेली बाई जिल्ह्याला नेली आहे, त्यांना त्या प्रवासात घड्याळाकडे किती वेळा बघितलं जातं हे माहीत आहे.

शनिवार : कोरोना

नाव असंच आहे. रॉलिन्स पासच्या माथ्यावरच्या स्टेशनचं नाव कोरोना. २०२० नंतर त्यावर विनोद न करणारा माणूस मिळणं कठीण, आमचा मुलगा तर मुळीच नाही.

जुना लोहमार्ग १९२८ नंतर बंद पडला, पुढे रूळही उचलले. आता विंटर पार्कच्या बाजूने त्याच पट्टीवरून कच्चा रस्ता माथ्यापर्यंत जातो. अंतर फार नाही, चौदा-पंधरा मैल, पण खड्डे आणि दगड इतके की दीड तासाहून जास्त लागला. उतार मात्र सौम्य. आगगाडीसाठी काढलेला रस्ता आहे हे गाडीत बसूनही कळतं.

अर्ध्याहून वर गेल्यावर रायफलसाइट नॉच. इथे रुळांनी स्वतःलाच वळसा घातला होता. लाकडी पुलावरून जायचं, डोंगराला गोल फिरायचं आणि मग त्याच पुलाच्या खालच्या बोगद्यातून बाहेर यायचं. बोगदा ढासळलाय, पूल उभा आहे. जवळ जाऊन हात लावला. शंभराहून जास्त वर्षांचं लाकूड उन्हावाऱ्याने राखाडी झालंय, भेगांत बोट जातं, पण आतून टणक. लोखंडी बोल्टांच्या भोवती तेवढा तांबूस डाग उतरलेला. पुलावर चढायला मनाई आहे. मुलगा आपला ड्रोनच्या नियमांची पाटी वाचत बसला.

झाडं संपली. मग नुसतं गवत, दगड आणि वारा. माथ्यावर बऱ्यापैकी मोकळं मैदान आहे. पूर्वी इथे स्टेशन, खानावळ, मुक्कामाची इमारत असं सगळं होतं आणि रुळांवर लाकडी छपरांचा लांबलचक बोगदा, बर्फ साठू नये म्हणून. आता पायाचे दगड, काँक्रीटचे तुकडे, कुजक्या फळ्या. त्या छपरात इंजिनं उभी राहिली की धुराने उतारूंचा जीव घुसमटायचा. आधीच साडेअकरा हजार फूट, त्यात धूर. आणि एखाद्या बाकड्यावर न्यूमोनियाचा रोगी. पूर्वेच्या कड्यावरून खाली किंग लेक दिसतं, त्याच्याही पलीकडे धुक्यात सपाट प्रदेश, तिथे कुठे तरी डेन्व्हर. पलीकडे रस्त्याने जाता येत नाही. नीडल्स आय नावाचा छोटा बोगदा १९९० मध्ये ढासळला, तेव्हापासून दोन्ही बाजू तुटलेल्या आहेत.

डोकं ठणकायला लागल्यावर खाली उतरलो. सूनबाईने थर्मासमधला आल्याचा चहा काढला, त्याला कोलोरॅडोत तोड नाही.

संध्याकाळी मुक्कामावर बोगद्याच्या कामाबद्दल वाचत बसले. १९२१ मध्ये प्वेब्लो शहरात मोठा पूर आला, दक्षिण कोलोरॅडोला मदतीचे कायदे हवे होते, त्याच सौद्यात उत्तरेकडच्यांनी १९२२ मध्ये मॉफट बोगदा मंजूर करून घेतला. राजकारण सगळीकडे सारखंच. काम १९२३ मध्ये सुरू झालं. पूर्वेकडे खडक घट्ट लागला. पश्चिमेकडे, म्हणजे फ्रेझरच्या बाजूला, तो भुसभुशीत आणि दाबाखाली सरकणारा. लाकडाचे जाडजूड टेकू काडीसारखे मोडायचे. शेवटी जॉर्ज लुइस या व्यवस्थापकाने पुढे सरकणारी लोखंडी तुळई बनवली, तिच्या आधाराने छत पेलून धरायचं आणि खाली खणायचं. तरीही ३० जुलै १९२६ रोजी छत कोसळून सहाजण एकदम गेले. एकूण मृत्यू अठ्ठावीसच्या आसपास.

आणि या काळात डॉक सूझी ग्रँड काउंटीच्या, म्हणजे फ्रेझर ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, कॉरोनर होत्या. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होतं. म्हणजे पन्नाशी उलटलेली ही बाई बोगद्यात आत जायची, ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं बघायची, ओळख पटवायची, कारण लिहायची. ज्या रेल्वेने तिचे पेशंट आणले, तिला फिरवलं, तिच्याच कामावरचे मुडदे तिने तपासले. धाडसकथा लिहिणारे घोडा, हिमवादळ, सरपण यांवर पानं खर्चतात आणि कॉरोनरपद एका वाक्यात उरकतात. मला उलट वाटतं. बाळ जन्मल्यावर गाव तुमचं नाव घेतं, पेढे देतं. प्रेत बघून 'मृत्यूचं कारण' या रकान्यात खरं ते लिहिणं हे कामाचं जास्त कठीण टोक आहे, आणि त्याला सरपणसुद्धा मिळत नाही.

२६ फेब्रुवारी १९२८ ला बोगदा खुला झाला. वर्षानुवर्षं दिवसचे दिवस खाणारी खिंड दहा मिनिटांची झाली. इस्पितळ एकदम जवळ आलं. ज्या अडचणीमुळे बाईंचं नाव झालं ती अडचणच नाहीशी झाली, आणि तरी त्या पुढे २८ वर्षं काम करत राहिल्या, थांबल्या तेव्हा वय ८६.

रविवार : परतीचा फेरा

बर्थुड पास, ११,३०७ फूट. पार्किंगमध्ये गर्दी. आयडाहो स्प्रिंग्जवरून आडवाटेने रॉलिन्सव्हिलला आलो आणि तिथून कच्च्या रस्त्याने बोगद्याच्या पूर्व तोंडाशी. हे बघण्यासारखं आहे. काँक्रीटच्या कमानीवर बोगद्याचं नाव कोरलंय, बाजूला मोठ्या पंख्यांची इमारत. एक कोळशाची मालगाडी बाहेर पडली, तिचा शेवटचा डबा गेल्यावर बोगद्याच्या तोंडावर पडदा आला आणि पंखे घरघरू लागले, आतला धूर उपसायला. जमीन पायाखाली थरथरते. पंधरा-वीस मिनिटं तरी तो आवाज चालू होता. तोवर पुढची गाडी थांबलेली.

सोमवार : क्रिपल क्रीक

मुलाची रजा संपली. सूनबाईने एक दिवस घरून काम करते म्हणून सांगितलं आणि लॅपटॉप मागच्या सीटवर टाकून मला क्रिपल क्रीकला नेलं. कोलोरॅडो स्प्रिंग्जवरून वर, पाइक्स पीक या शिखराला वळसा घालून. साडेनऊ हजार फुटांवरचं हे सोन्याच्या खाणींचं गाव. १८९० मध्ये सोनं सापडलं, दहा वर्षांत वस्ती दहा हजारांवर गेली. १८९६ मध्ये दोन आगींनी बरंच गाव जळलं, म्हणून बेनेट अव्हेन्यूवर आता दिसतात त्या विटांच्या इमारती. आत सगळीकडे कसिनो. बाहेर गाढवं. खाणीतल्या गाढवांचे वंशज म्हणून गाव त्यांना उन्हाळाभर मोकळं सोडतं, ती मोटारीच्या खिडकीत तोंड घालून खाऊ मागतात. आमच्या पिशवीतल्या चकल्यांवर एकीचा डोळा होता.

सूझनची गोष्ट खरं तर इथे सुरू होते. जन्म १८७० चा, इंडियानातला. आईवडिलांचा घटस्फोट झाला, वडिलांनी तिला आणि धाकट्या भावाला, जॉनला, कॅन्ससला नेऊन वाढवलं. सोन्याच्या ओढीने ते कुटुंब इथे आलं आणि इथूनच ती मिशिगनला शिकायला गेली. मिशिगनने मुलींना वैद्यकीय शिक्षणाला घेणं सुरू केलं तेच १८७० मध्ये, तिच्या जन्माच्या वर्षी. परत येऊन तिने इथे दवाखाना मांडला. एका मुलाचा हात डायनामाइटने छिन्नविच्छिन्न झाला होता, बाकी डॉक्टर कापायचा म्हणत होते, हिने तो साफ करून वाचवला, असं सांगतात. धंद्याचं नाव होत होतं.

मग १९०० साल. ठरलेलं लग्न मोडलं आणि त्याच मार्च महिन्यात जॉन गेला. वडिलांनी त्या लग्नात खोडा घातला असं म्हणतात. तिच्या डायरीत भावाबद्दल जे आहे त्याचा आशय इतकाच, की माझा या जगातला सगळ्यात जवळचा मित्र गेला, आता मी जगले काय नि मेले काय. गाव सोडून ती डेन्व्हरला गेली, तिथे बस्तान बसेना, मग ग्रीलीला नर्स म्हणून राहिली. डॉक्टरची पदवी असलेली बाई नर्सची नोकरी करते, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. नर्सचं काम कमी म्हणून नव्हे. पदवी कमावलेल्या बाईला त्या पदवीची खुर्ची मिळत नाही म्हणून. तिथे क्षय बळावला आणि ती फ्रेझरच्या गाडीत बसली.

माउंट पिसगाह कब्रस्तान गावाबाहेर उतारावर आहे. १६ एप्रिल १९६० ला नव्वदाव्या वर्षी डेन्व्हरला डॉक सूझी गेल्या, तेव्हा त्यांची इच्छा जॉनशेजारी पुरावं अशी होती. पण कब्रस्तानच्या जुन्या नोंदी हरवल्या होत्या, जॉनची जागा सापडेना. मग नव्या भागात त्यांना ठेवलं. दगड बसवला तो फ्रेझरच्या लोकांनी, वर्गणी काढून आणि एवढ्या लांब येऊन. आम्हाला तो शोधायला बराच वेळ लागला, कारण वाऱ्याने सूनबाईच्या फोनची बॅटरी थंड पडून बंद झाली. शेवटी गवत कापणाऱ्या एका माणसाने हाताने दिशा दाखवली.

परतताना गाडीत आमचा वाद झाला तो वडिलांवरून. मुळात सूझनला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. तिला तारायंत्राची ओढ होती, मोर्स कोड शिकली होती, तारबाबू व्हायचं तिच्या मनात होतं. डॉक्टर हो म्हणून मागे लागले ते वडील. सूनबाई म्हणाली, "ज्यांनी शिकवलं त्यांनीच लग्न मोडलं, मग त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट?" मी म्हटलं, तार खातं म्हणजे त्या काळी निम्मं रेल्वेचंच काम. तारबाबू झाली असती तरी कुठल्या तरी डोंगरातल्या स्टेशनावर बसून 'गाडी खिंडीत अडकली आहे' हेच तिने कळवलं असतं. ते तिला पटलं नाही. तिच्या मते मी वडिलांना फार स्वस्तात सोडते. वाटेतल्या वुडलंड पार्क गावापर्यंत हे चाललं, मग तिची ऑफिसची मीटिंग सुरू झाली.

एथेल बॅरीमोर या गाजलेल्या नटीला म्हणे डॉक सूझींवर सिनेमा काढायचा होता. बाईंनी नाही म्हणून सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. झेफरचं तिकीट आधी काढा आणि ती उशिरा येईल हे धरून चाला. डेन्व्हर ते फ्रेझर या पट्ट्यात उजव्या-डाव्या खिडकीवरून भांडू नका, गाडी इतकी वळते की दोघांनाही सगळं दिसतं. उंचीची सवय व्हायला आधी डेन्व्हरमध्ये दोन-तीन दिवस काढा, पाणी सतत प्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून या. कोझन्स रँच उघडं आहे का ते फोन करून बघा. आणि रॉलिन्स पासवर लहान गाडी नेऊ नका, भाड्याची तर नाहीच.